विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या घरी पायताण पायात सरकवण्याआधी ते उलटे करून जमिनीवर दोनदा आपटायची रीत आहे. महाविद्यालयासाठी शहरात खोली घेऊन राहू लागलो तरी माझी ही सवय सुटली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीत विंचू कुठून येणार, म्हणून खोलीतले मित्र हसतात. त्यांचेही बरोबरच आहे. पण या रीतीमागे एक मृत्यू आहे आणि तो आमच्या घरात अजून पुरता विसरला गेलेला नाही.

आजीचे माहेर पोलादपूरच्या बाजूचे. १९६३-६४ चा सुमार असावा. भातकापणीचे दिवस होते. तिचा अकरा वर्षांचा धाकटा भाऊ संध्याकाळी खळ्यावरचा पेंढा उचलायला गेला आणि त्याच्या बोटाला विंचू डसला. घरच्यांनी चिंचोका उगाळून दंशावर चिकटवला, कांदा चोळला आणि वरच्या वाडीतून विंचू उतरवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून आणले. त्याने मंत्र म्हटला, हात खांद्यापासून खाली उतरवत नेला. पोराला एकदा उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला. पण बोटाची कळ थांबली. "उतरला," असे म्हाताऱ्याने सांगितले. सगळ्यांना हायसे वाटले. पोराचे हातपाय गार पडले होते, ते दमल्यामुळे असे समजून त्याला घोंगडी पांघरून निजवले. मध्यरात्रीनंतर त्याची छाती घरघरू लागली, तोंडाला फेस आला आणि उजाडायच्या आत तो गेला.

आजी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ही हकीकत सांगताना ती शेवटी नेहमी एकच प्रश्न विचारते : "उतरला होता ना रे? मग गेला कसा?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध अकरावीतच तुटला. तरीही या लेखासाठी विंचवाचा विषय घेतला तो आजीच्या या प्रश्नामुळे. गेल्या वर्षी वर्गात १८९६ च्या मुंबईतील प्लेगवर निबंध लिहायचा होता. तो लिहिताना लक्षात आले की आजीचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टर आणि अधिकारीही वेगळ्या शब्दांत तोच विचारत होते. उपाय तर केला, मग माणूस गेला कसा?

प्रथम या प्राण्यांची थोडी ओळख करून घेऊ. ज्यांच्या पायांना सांधे असतात आणि ज्यांचा सांगाडा कवचासारखा अंगाबाहेर असतो ते संधिपाद प्राणी. डास, माशी, पिसू, ऊ, ढेकूण, मुंगी हे सहा पायांचे, म्हणजे कीटक. विंचू, कोळी आणि गोचीड आठ पायांचे; त्यांना कीटक म्हणणे शास्त्राला धरून नाही. गोमेचे पाय मोजायला बसू नये. आपण चवीने खातो ते खेकडे आणि कोळंबीसुद्धा याच गोत्रातली. ज्ञात प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे ऐंशी टक्के या एकाच संघातल्या आहेत, तेव्हा पृथ्वी त्यांची आणि आपण त्यांचे पोटभाडेकरू, असे म्हटले तरी चालेल. त्यांचे उपकारही कमी नाहीत. पैठणीचे रेशीम, बांगडीची लाख, मध आणि मेण हे सारे त्यांच्याकडून येते. आणि ज्या माश्यांना आपण ताटावरून हाकलतो त्यांच्याच जातभाईंनी मोहोरावर फिरून परागीभवन केले नाही तर कोकणात आंबा धरणार नाही. मात्र माझा आजचा विषय उपकारांचा नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. वखारी तेथे उंदीर, हे सांगायला नको. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँग येथे सापडला होता; परंतु तो माणसाच्या अंगात शिरतो कोणत्या वाटेने, हे ठाऊक नव्हते. रोगाचे विष जमिनीत, अंधारात, ओलीत आणि कपड्यालत्त्यांत असते असा समज होता. मग आरोपी ठरले घर. मुंबईत घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवण्यात आली. त्यांचा अर्थ माणसांनी राहण्यास अयोग्य. जमिनी उकरल्या, भिंती कार्बोलिकने धुतल्या, ऊन आत यावे म्हणून छपरावरची कौले काढली, सामान जाळले. १८९७ चा साथरोग कायदा याच धामधुमीत आला. पुण्यात घरोघरच्या झडत्यांनी लोक किती दुखावले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यापर्यंत गोष्ट कशी गेली, हे आपण सर्वांनी शाळेतच वाचले आहे. त्याच वर्षी १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या.

या सगळ्या गोंधळात एका प्राण्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तो म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर प्लेगने मेला आणि त्याचे अंग गार पडले की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. उंदीर उरले नाहीत तर माणसाचे. भिंत धुतली म्हणून उंदीर मरत नव्हता. तो शेजारच्या घरात जाई आणि पिसवा त्याच्याबरोबर जात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने २ जून १८९८ रोजी कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत त्याने पिसवांसकट एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्याच्यावर थोड्या अंतरावर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते, पण पिसू उडी मारू शकत होती. काही दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगने मेला. सिमाँच्या या निष्कर्षावर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग प्लेगने मरत आणि दोन फुटांवर टांगलेले वाचत, कारण पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. घर, हवा, ओल सारे तेच. फरक होता तो काही इंचांचा.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उंदीर पडू लागले की घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, ही रीत आपल्याकडच्या खेड्यांतून प्लेगच्या काळात रूढ झाली होती. त्या लोकांना पिसवेचे काहीच ठाऊक नव्हते. पण मेलेला उंदीर आणि माणसाचा ताप यांचे नाते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यावरून त्यांनी केलेली कृती बरोबर होती. पिसवा मागे राहत, माणसे पुढे जात. तेव्हा अडाण्यांचे सारे चूक आणि शिकलेल्यांचे सारे बरोबर, अशी वाटणी मला तरी करता येत नाही.

नारूची गोष्ट याहून सरळ. आमच्या पिढीने हा रोग पाहिलेला नाही, पण मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा कृमी डोके बाहेर काढी. दोन-तीन फुटांचा तो कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. जळजळ थांबावी म्हणून रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी आणि तेथेच कृमीची हजारो पिल्ले पाण्यात सुटत. पुढचे काम सायक्लॉप्स नावाच्या, जेमतेम डोळ्यांना दिसणाऱ्या पाणकिड्याचे. हा कोळंबीचाच दूरचा नातलग. तो ही पिल्ले खातो, आणि पाण्याबरोबर तो माणसाच्या पोटात गेला की सुमारे वर्षाने नवा नारू बाहेर येतो. या रोगावर लस नाही, खात्रीचे औषधही नाही. तरी तो आपल्या देशातून गेला, तो पाणी दुहेरी फडक्याने गाळून घेतल्यामुळे, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्यामुळे आणि हातपंपांमुळे. देशव्यापी मोहीम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाली, शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. पाणी गाळून प्यावे असे आपल्या आज्या-पणज्या सांगतच होत्या. फडके घरात होतेच; त्याने नेमके काय गाळायचे, एवढेच कळायचे राहिले होते.

डासांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी दोनच वाक्यांत आटोपते घेतो. डेंग्यू म्हटला की आपण गटाराकडे बोट दाखवतो. पण त्याचा डास दिवसा चावतो आणि वाढतो तो कुंडीखालच्या बशीत, कूलरमध्ये आणि गच्चीवर पडलेल्या टायरमधल्या स्वच्छ पाण्यात. नगरपालिकेला शिव्या देऊन आपण घरात जातो, ते त्याच्याच घरी.

आता विंचवाकडे वळू.

आमच्याकडे विंचू दोन तऱ्हेचे. एक काळा, जाडजूड, मोठ्या नांग्यांचा. त्याला इंगळी म्हणतात. ती दिसायला भयंकर, पण सहसा जीव घेत नाही. दुसरा तांबूस, दोन-तीन इंचांचा, बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा. पाहून कोणी घाबरणार नाही असा. पण जगातल्या अत्यंत विषारी विंचवांत या लाल विंचवाची गणना होते. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा सगळीकडे तो आहे. दिवसभर तो दगडाखाली, जांभ्याच्या गडग्यात, सरपणात, शेणीच्या ढिगात, पेंढ्यात आणि हो, पायताणातही दडून बसतो आणि रात्री झुरळे-रातकिडे खायला बाहेर पडतो. अन्नावाचून तो कित्येक महिने काढू शकतो. मादी पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पांढुरकी पिल्ले तिच्या पाठीवर बसून असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण कोणीतरी हे पाहूनच केली असणार. तो कोणाच्या मागे धावत नाही. हात किंवा पाय त्याच्यावर पडला तरच नांगी मारतो. म्हणूनच दंश बहुतेक हातापायांना होतात, तेही कापणीला, सरपण काढताना, अंधारात अनवाणी चालताना. म्हणजे कष्टकऱ्यांना आणि पोरांना.

दंशानंतर बहुसंख्य लोकांना फक्त दुखते. ते दुखणे असह्य असते, माणूस रात्रभर गडबडा लोळतो, पण दिवसाभरात ते आपोआप ओसरते. विंचू उतरवणाऱ्यांचे यश येथे आहे. दहाजणांचा विंचू त्याने उतरवला, पैकी नऊजणांचा तो आपणच उतरणार होता. आजीच्या वाडीतल्या त्या म्हाताऱ्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो पैसे घेत नसे, अर्ध्या रात्री डोंगर उतरून येई आणि आपल्या मंत्रावर त्याचा स्वतःचा विश्वास होता. अनुभवाने तो वारंवार खरा ठरलेला होता. घात झाला तो उरलेल्या दहाव्याचा.

या दहाव्या माणसाचे काय होते? लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवर काम करते. तंतूंमधली सोडियमची दारे ते उघडी धरून ठेवते, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत. वाघ समोर आला असता शरीरात अॅड्रेनॅलिनसारखी जी द्रव्ये क्षणभर उसळतात त्यांचा पूर येतो आणि तो ओसरत नाही. घाम सुटतो, उलटी होते, रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरू लागते, श्वास घरघरतो आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. आणि सर्वांत फसवी गोष्ट अशी की ज्यांच्या अंगभर विष भिनते त्यांना दंशाच्या जागी दुखणे पुष्कळदा थोडेच असते. ज्याची कळ मस्तकात जाते तो बहुधा वाचतो. ज्याची कळ थांबली आणि घाम सुटून हातपाय गार पडले, त्याच्या जिवाची काळजी करायची.

आजीच्या भावाचा विंचू उतरला नव्हता. तो चढला होता.

संत एकनाथांनी भारुडात कामक्रोधाला विंचू म्हटले, तेथेही दंशापाठोपाठ अंगाला घाम येतो. पैठणच्या नाथांनी हे लक्षण आसपासच पाहिले असणार, असे मला उगाच वाटत राहते. असो.

हे सारे आपल्याला कळले ते प्रामुख्याने एका गावाकडच्या डॉक्टरमुळे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. विंचवाने दंश झालेली तरणीताठी माणसे आणि पोरे त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. विंचवाच्या दंशाला काय करावे याविषयी हाताशी असलेल्या पुस्तकांत फारसे काही नव्हते. त्यांनी रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपणे ठेवली : घाम केव्हा सुटला, हात केव्हा गार पडले, नाडी कशी होती. ती निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोग कळल्यावर उपायही सापडला आणि तो परदेशी, महागडा नव्हता. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते, म्हणजे विषाने जे केले त्याच्या नेमके उलट. पूर्वी विष अंगात भिनलेल्या रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. ही गोळी वेळेत मिळू लागल्यावर ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे मुंबईत प्रतिविषही तयार होऊ लागले. गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिल्यास रोगी एकट्या गोळीपेक्षा लवकर बरा होतो, हे डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ साली सिद्ध करून दाखवले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

प्राणिशास्त्राच्या मित्राने सांगितलेली एक गंमत जाता जाता लिहितो. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पेशींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ते आज प्रयोगांसाठी वापरतात. कोकणातल्या गडग्यातला हा रहिवासी कोठे जाऊन पोहोचला पाहा!

२०१४ साली मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी सरपण आत घेताना, वडिलांना विंचू डसला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा सदरा घामाने भिजला आणि त्यांनी उलटी केली. शेजारच्या काकांनी "कळ कमी आहे का?" असे विचारले. वडील "कमी आहे" म्हणाले. त्यावर काकांनी मोटारसायकल काढली. आज विचार करता मला वाटते, साठ वर्षांत आमच्या भागात जो बदल झाला तो एवढाच, की त्या उत्तरावर आता कोणी निश्चिंत होत नाही. ग्रामीण रुग्णालयात त्यांना गोळी दिली आणि उठून बसायचे नाही, आडवेच राहायचे, अशी ताकीद दिली. कारण या गोळीने रक्तदाब एकदम खाली येऊन भोवळ येऊ शकते. म्हणून ती घरी मनाने घेण्याची गोळी नव्हे. दर थोड्या वेळाने परिचारिका येई आणि वडिलांचे तळपाय हाताने चाचपून पाही. पहाटे तिने सांगितले की पाय गरम झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ही सारी माहिती आजीला समजावून सांगितली. अतिनील किरणांच्या विजेरीत विंचू निळसर-हिरवे चमकतात, म्हणून मित्राकडून तशी विजेरी मागून नेली होती. अमावास्येच्या रात्री पडवीमागच्या गडग्यावर आणि सरपणाच्या ढिगावर झोत टाकला. एकूण सात मोजले. त्यांपैकी पाच सरपणात होते आणि ते सरपण स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून रचलेले होते. आजी काठी टेकत माझ्यामागे उभी होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे घामावरून कळलं असतं."

"हो आजी, पण तेव्हा गोळी नव्हती. कळलं असतं तरी..."

"तरी कळलं असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांना कामाला लावून सगळे सरपण आवाराच्या पलीकडच्या टोकाला नेऊन रचवले. एवढ्या लांबून लाकडे आणायची म्हणजे पावसाळ्यात भिजायचे, म्हणून आई अजून कुरकुर करते.